पाळणाघर सातला, कॉल साडेसातला: नोकरी आणि घर यांची टक्कर सोडवण्याची पद्धत

पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होतं. न्यूयॉर्कच्या टीमबरोबरचा रोजचा कॉल हिवाळ्यात साडेसातला असतो. हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यातून निघालेली कॅब वाकडच्या पुलापाशी किती वाजता पोचेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पुण्यातल्या कितीतरी घरांत या तीन गोष्टींचा मेळ घालताना रोज कुणाची तरी दमछाक होते, आणि ती व्यक्ती शेवटी असंच समजून बसते की आपल्याला वेळेचं नियोजनच जमत नाही.

अशा माणसाला 'समतोल साधा' असा सल्ला मिळतो. तराजूचं हे चित्र आम्हाला उपयोगाचं वाटत नाही, कारण तास दोन्ही पारड्यांत सारखे टाकूनही संध्याकाळचा गोंधळ तसाच राहतो. ठेच लागते ती एखाद्या दगडाला, अख्ख्या रस्त्याला नाही. नोकरी आणि घर आठवड्यात तीन-चार ठरावीक जागीच एकमेकांवर आदळतात. त्या जागा शोधायच्या, प्रत्येक जागेचं कारण ओळखायचं आणि ज्याच्या हातात बदल आहे त्याच्याशी नेमकं बोलायचं, एवढंच इथे सांगितलं आहे. उदाहरण घेतलं आहे ते दोघंही नोकरी करणाऱ्या, लहान मूल असलेल्या आणि एकाची तरी टीम परदेशात असलेल्या घराचं. बँकेच्या शाखेत किंवा रुग्णालयाच्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळाचे आकडे बदलून घ्यावेत. रीत तीच राहते.

आधी दोन आठवडे फक्त नोंद

एक साधी वही घ्या. मोबाइलमधलं अ‍ॅप नको. ते उघडायला गेलं की ऑफिसचे मेसेज दिसतात आणि नोंद राहून जाते. वही स्वयंपाकघरात, दोघांच्या हाताशी ठेवा. पानावर चार रकाने आखा: दिवस आणि वेळ, काय आदळलं, कोणी माघार घेतली, आदल्या रात्री झोप किती झाली.

नोंद फक्त टक्कर झाली तेव्हाच करायची. दिवसभराच्या प्रत्येक तासाचा हिशोब लिहायला घेतला तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. नमुन्यादाखल एक ओळ: 'मंगळवार, ६.५०. पाळणाघरातून आणायचं होतं, क्लायंटचा कॉल लांबला. सासूबाई रिक्षाने गेल्या. झोप साडेपाच तास.' यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही.

तिसरा रकाना, माघार कोणी घेतली, हा सगळ्यांत महत्त्वाचा आणि तोच लिहायचा राहतो. तो प्रामाणिकपणे भरा. चौदा दिवसांनी त्यात एकच नाव पुन्हा पुन्हा दिसलं, तर प्रश्न वाटणीचा आहे. नावं आलटूनपालटून दिसली, तर तुमच्या घरात माणसांपेक्षा कामाची वेळ चुकीची आहे.

सुरुवात कधी करता यालाही महत्त्व आहे. रिलीजचा आठवडा, मार्चअखेर, गणपती, दिवाळी किंवा शाळेच्या परीक्षा असताना नोंद केली तर चित्र विकृत येतं. साधे, कंटाळवाणे दोन आठवडे निवडा.

टक्कर कोणत्या जातीची

जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्युटेल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ मध्ये या संघर्षाचे तीन प्रकार मांडले. आजही प्रत्यक्ष कामाला याहून सोपी विभागणी सापडत नाही. वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर 'वे', 'ता' किंवा 'वा' असं एक अक्षर लिहा.

'वे' म्हणजे वेळेची टक्कर. एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहायचं असतं. कॉल आणि पाळणाघर, पालकसभा आणि डेमो.

'ता' म्हणजे ताणाची. वेळ असतो, माणूस घरात असतो, पण अंगात त्राण उरलेलं नसतं. मुलगी चित्र दाखवते आणि तुम्ही 'छान' म्हणता, चित्राकडे न बघता. उलट दिशेनेही हे घडतं: रात्रभर तापाच्या मुलाला घेऊन जागलेला बाप सकाळी चुकीच्या फाइलवर काम करून बसतो.

'वा' म्हणजे वागण्याची. ऑफिसात जे वागणं चांगलं ठरतं तेच घरात खुपतं. दिवसभर 'मुद्द्यावर या' असं सांगणारा टीम लीड घरी आईलाही तसंच तोडून बोलतो. आईला मुद्दा सांगायचाच नसतो, तिला फक्त बोलायचं असतं.

ही अक्षरं लिहायचं कारण असं की तिघांवरचे उपाय वेगळे आहेत आणि बहुतेक लोक एकाचा उपाय दुसऱ्याला लावतात. वेळेची टक्कर वेळापत्रक बदलूनच सुटते. त्यावर ध्यानधारणा करून पाळणाघर उघडं राहत नाही. ताणाची टक्कर एका लांब सुट्टीने जात नाही. महाबळेश्वरहून परतल्यावर आठवड्याभरात माणूस होता तिथेच येतो, कारण रोजची झीज तशीच चालू असते. आणि वागण्याच्या टकरीला ना सुट्टी लागते ना वेळापत्रक. तिथे ऑफिस आणि घर यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा लागते.

दुखणं अंगावर काढू नका

हा संघर्ष महिनोन्‌महिने चालला की आधी झोप बिघडते. रात्री अकराला कॉल संपला म्हणजे अकराला झोप लागत नाही. डोकं शांत व्हायला आणखी तासभर तरी जातो. संध्याकाळी सातला घेतलेल्या कडक चहातलं निम्मं कॅफिन मध्यरात्रीपर्यंत शरीरात असतं, कारण ते निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. सकाळी पाचला डबा करायला उठायचं असेल तर झोप पाच तासांवर आली. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. हा रोजचा दोन तासांचा खड्डा रविवारी दुपारी झोपून भरत नाही.

झोपेमागोमाग चिडचिड, विसरभोळेपणा, पित्त, डोकेदुखी आणि वाढलेला रक्तदाब येतो. कामात चुका होतात, त्या निस्तरायला आणखी वेळ जातो. शिवाय ताण एकाच माणसापाशी थांबत नाही. दोघांपैकी एकाची दमणूक काही आठवड्यांत दुसऱ्याच्या बोलण्यात दिसू लागते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू होण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर आठवड्याचे प्रत्यक्ष कामाचे तास मांडा. रात्रीचे कॉल आणि रविवारी 'जरा बघून' दिलेली उत्तरंही त्यात धरा. आकडा सलग महिनाभर ५५ च्या वर असेल तर सोसायची सवय झाली आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका.

बर्नआउट हा शब्द आपण सैलपणे वापरतो. आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदला आहे आणि त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. फक्त पहिली खूण असेल तर विश्रांती आणि वेळापत्रक यांनी फरक पडतो. तिन्ही असतील तर या लेखातल्या युक्त्या पुरणार नाहीत, डॉक्टरांशी बोला.

सलग दोन आठवडे उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर थांबू नका. जगणं नको असा विचार मनात आला तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

घड्याळाचं गणित

परदेशी टीमबरोबर काम करणाऱ्या घरांत निम्म्या 'वे' नोंदी इथून येतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याच जणांनी हे गणित एकदाही कागदावर मांडलेलं नसतं.

न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे ६.३० असतात, हिवाळ्यात ७.३०. शिकागोचे ९ म्हणजे ७.३० आणि ८.३०. कॅलिफोर्नियाचे ९ म्हणजे रात्रीचे ९.३० आणि १०.३०. लंडनचे ९ म्हणजे दुपारचे १.३० आणि २.३०. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. ब्रिटन हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतं. मधल्या काही दिवसांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातलं अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं आणि तिन्ही ठिकाणच्या लोकांचा सामाईक कॉल हमखास कुणाच्या तरी जेवणावर येतो.

म्हणजे ऑक्टोबरपर्यंत साडेसहाला असलेला, कसाबसा जमणारा कॉल नोव्हेंबरमध्ये आपोआप साडेसातला जातो. दिवाळीच्या आसपास घरातली भांडणं वाढली असतील तर एकदा हे तपासून पाहा. कुणी काही ठरवलेलं नसतं. तिकडे फक्त घड्याळ बदललेलं असतं.

यावर मागण्यासारखे तीन पर्याय आहेत. पहिला, हिवाळ्यापुरता कॉल न्यूयॉर्कच्या सकाळी ८ ला घेणं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाच राहतात. दुसरा, तो तिकडच्या सकाळी १० ला नेणं, म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. मुलाला आणणं आणि जेवण दोन्ही उरकून शांतपणे बसता येतं, आणि नऊला कॉल संपला तर झोपही जात नाही. लहान मूल असलेल्या घरांना आम्ही हाच सुचवू. तिसरा, आठवड्यातले दोन दिवस कॉलऐवजी लेखी अपडेट देणं. रोजच्या पंधरा मिनिटांच्या कॉलमधला बराचसा भाग लिहून सांगण्यासारखाच असतो.

मॅनेजरशी बोलताना

इथे बहुतेकांचं चुकतं ते एका शब्दामुळे: 'अ‍ॅडजस्ट'. 'घरी थोडा प्रॉब्लेम आहे, जरा अ‍ॅडजस्ट करता येईल का?' असं विचारलं की समोरच्याला काय द्यायचं तेच कळत नाही. तो 'हो, काहीच हरकत नाही' म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसातला कॉल लावतो. त्याने खोटेपणा केलेला नसतो, तुम्ही काही मागितलेलंच नसतं.

बोलायला जाण्याआधी वहीतल्या नोंदींवरून अर्ध्या पानात तीन गोष्टी लिहा: नेमका कोणता दिवस आणि कोणती वेळ अडते, त्या वेळेतलं काम तुम्ही दुसरीकडे कसं बसवणार, आणि किती आठवडे करून पाहायचं. मग असं बोला:

'सोमवार, बुधवार, शुक्रवार मी कॉलला असेन. मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहा ते साडेआठ मी नसेन. त्या दिवशीचं अपडेट मी सहापर्यंत लिहून ठेवीन. काही पेटलंच तर मेसेज नको, फोन करा, मी उचलेन. चार आठवडे करून पाहू आणि पाचव्या आठवड्यात काय अडलं ते बसून बघू.'

यात घरातलं कारण सविस्तर सांगावं लागत नाही आणि माफीही मागावी लागत नाही. 'चार आठवडे' हे शब्द सोडू नका. कायमची सवलत द्यायला मॅनेजर कचरतो, कारण उद्या टीममधल्या इतरांना काय सांगायचं हा त्याचाही प्रश्न असतो. चार आठवडे द्यायला सोपे जातात, आणि त्या काळात काम अडलं नाही की तेच चालू राहतं. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी दोन ओळींची मेल टाका. तोंडी ठरलेलं टीम बदलली की पुसलं जातं.

हे बोलणं वार्षिक मूल्यमापनाच्या बैठकीत काढू नका. तिथे ते पगारवाढीच्या सौद्यात अडकतं. दोघांनीही आपापल्या मॅनेजरशी बोला. अनेक घरांत फक्त बायकोच तिच्या ऑफिसात वेळ मागते आणि नवऱ्याच्या ऑफिसला त्याला मूल आहे हे वाढदिवसाच्या पेढ्यांपुरतंच माहीत असतं. दोघांनी मंगळवार-गुरुवार आणि सोमवार-बुधवार अशी वाटणी केली तर कोणत्याच मॅनेजरकडे चार दिवसांची मागणी जात नाही.

ठरलेलं मोडतं ते बहुतेकदा पहिल्याच आठवड्यात, आणि मोडणारे आपणच असतो. मंगळवारी सातला एक छोटासा प्रश्न येतो, आपण उत्तर देतो, गुरुवारी तीन येतात. पहिले चार आठवडे त्या दोन तासांत चॅट उघडूच नका. अँड्रॉइडवर ऑफिसची अ‍ॅप वर्क प्रोफाइल या वेगळ्या कप्प्यात असतील तर ते प्रोफाइल एका बटणाने थांबवता येतं. आयफोनवर ठरावीक वेळी मेसेज आणि सूचना अडवणारी फोकस नावाची सोय आहे. एकाच माणसाचा लागोपाठ आलेला दुसरा फोन वाजू द्यायची सोयही दोन्हींकडे आहे, ती चालू ठेवा, म्हणजे खरी आणीबाणी निसटत नाही आणि दर पाच मिनिटांनी फोन बघायचं कारणही उरत नाही.

लॅपटॉप मिटतानाची दहा मिनिटं

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. घरी बसलेल्या माणसाच्या डोक्यात ऑफिस घोळत राहतं ते यामुळे. काम संपवणं दर वेळी शक्य नसतं, पण ते कुठे ठेवलं आहे हे लिहून ठेवणं शक्य असतं. उठण्याआधी तीन ओळी लिहा: काय झालं, काय अर्धं आहे, उद्या पहिलं बोट कशावर ठेवायचं. तिसरी ओळ जितकी नेमकी तितकी चांगली. 'रिपोर्ट पूर्ण करणे' असं लिहून डोकं मोकळं होत नाही. 'तक्ता ४ मधली जूनची बेरीज जुळवणे' असं लिहिलं की होतं.

मग घरात शिरण्याआधी किंवा खोलीबाहेर येण्याआधी दहा-वीस मिनिटांचं अंतर ठेवा. घरून काम करणाऱ्यांना हे जास्त गरजेचं आहे, कारण वन बीएचकेमध्ये ऑफिस आणि घर यांच्यात जेमतेम एक पडदा असतो. खाली उतरून सोसायटीला दोन फेऱ्या मारा, भाजी आणा, आंघोळ करा, कपडे बदला. लॅपटॉप पिशवीत घालून कपाटात ठेवा. जेवणाच्या टेबलावर मिटून ठेवलेला लॅपटॉप उघडायला काहीच लागत नाही. ज्यांच्या वहीत 'वा' जास्त आहे त्यांना या एका सवयीने सर्वांत जास्त फरक जाणवतो. घरी पाऊल टाकल्यावर पहिली दहा मिनिटं कोणालाही सूचना द्यायच्या नाहीत, फक्त ऐकायचं, हेही त्यातच येतं.

घरातली वाटणी: लक्षात ठेवणं हेही कामच

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं. ऑफिसात सगळं जुळवून आणलं तरी हे दोनशे मिनिटांचं अंतर तसंच ठेवलं तर घरातल्या एकाचीच टक्कर कमी होते.

'मी मदत करतो ना, सांग काय करू' हे वाक्य मनापासून म्हटलेलं असतं, पण त्यात अर्धं काम समोरच्याकडेच राहतं. डब्याचं घ्या. डबा करणं म्हणजे सकाळी भाजी परतणं एवढंच नव्हे. उद्या काय द्यायचं ते ठरवणं, त्यासाठी आज मटकी भिजवणं, कोथिंबीर संपली आहे हे लक्षात येणं, शुक्रवारी शाळेत कोरडा खाऊ मागितला आहे हा मेसेज वाचलेला असणं, संध्याकाळी दप्तरातून डबा काढून घासणं, झाकणाचं रबर सैल झालं म्हणून नवं आणणं, हे सगळं त्यात येतं. जो फक्त भाजी परततो त्याने डबा केला असं होत नाही.

म्हणून कामं तुकड्यांनी वाटू नका, अख्खी वाटा. एका रविवारी अर्धा तास बसून घरातल्या कामांची यादी करा. पंचवीस-तीस कामं सहज निघतात. डबा, कपडे, किराणा, बिलं, शाळेचा ग्रुप, लसीकरण आणि डॉक्टर, मावशींचे पैसे आणि सुट्ट्या, गॅस, आईवडिलांची औषधं, नातेवाइकांची लग्नकार्यं. प्रत्येकासमोर एकच नाव. ज्याचं नाव त्याने ते आठवण्यापासून उरकेपर्यंत बघायचं. दुसऱ्याने आठवण करून द्यायची नाही आणि, हे जास्त अवघड, पद्धतीवरून बोलायचंही नाही. पोळ्या वाकड्या झाल्या तर होऊ देत. किमान पातळी मात्र आधीच ठरवा: मूल उपाशी जाता कामा नये, औषध चुकता कामा नये. त्यावरचं सगळं ज्याचं काम त्याच्या मर्जीवर. हे न पाळल्याने तीन आठवड्यांत कामं जुन्या हातांत परत जातात.

दोन प्रसंगांची तजवीज आधीच हवी. मावशी अचानक आल्या नाहीत तर काय, आणि मूल आजारी पडलं तर कोण घरी. पहिल्यासाठी फ्रिजवर एक चिठ्ठी लावा: जवळच्या पोळी-भाजी केंद्राचा नंबर, आणि त्याखाली 'एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ, कुकरच्या चार शिट्ट्या'. दोन मोठे आणि एका लहानग्याचं भागतं, आणि ती चिठ्ठी वाचून घरातलं कुणीही खिचडी लावू शकतं. दुसऱ्यासाठी पाळी ठरवा. तापाचं मूल पाळणाघर सहसा घेत नाही आणि फोन येतो तो सकाळी नऊला, दोघं वाटेत असताना. त्या क्षणी कोणाची मीटिंग जास्त महत्त्वाची यावर वाद घालण्यापेक्षा 'मागच्या वेळी तू, या वेळी मी' हे वहीत आधीच लिहिलेलं असावं. लांबणारा आजार असेल तर एकाने दुपारी एकपर्यंत आणि दुसऱ्याने एकनंतर, असे अर्धे दिवस घ्या.

वर्षाच्या सुरुवातीला दोघांच्या मिळून निदान सहा रजा या आजारपणासाठी राखून ठेवा. गौरी-गणपती, दिवाळी आणि गावच्या जत्रेत सगळ्या रजा संपल्या की जानेवारीतल्या पहिल्या तापाला बिनपगारी रजा टाकावी लागते.

आजी-आजोबांचे तास

आपल्याकडे अनेक घरांची नोकरी आजी-आजोबांच्या जोरावर चालते आणि त्यांचे तास कोणत्याच हिशोबात नसतात. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात म्हणजे अकरा तास. सत्तरीच्या गुडघ्यांनी दोन वर्षांच्या मुलामागे अकरा तास धावणं ही मोठी मेहनत आहे आणि आजी 'दमले' असं म्हणत नाहीत, म्हणून ती मेहनत दिसत नाही. वहीत त्यांचाही रकाना ठेवा. आठवड्यातून एक पूर्ण दिवस आणि रोज दुपारचे दोन तास त्यांना मोकळे मिळतील अशी सोय करा. अर्धवेळ पाळणाघर त्यासाठीच वापरा. त्यांच्या डोळ्यांची, दातांची, रक्तदाबाची तपासणी घरकामाच्या यादीत कुणाच्या तरी नावावर असू द्या. आणि थेट विचारा: 'आई, किती तास जमेल?' उत्तर ऐकून वेळापत्रक बदला.

रजा आणि कायदा, थोडक्यात

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं असतं. ही तरतूद अनेकींना माहीतच नसते. एचआरला मेलवर विचारा, लेखी उत्तर मागा.

बापाच्या रजेचं चित्र तुटपुंजं आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीत सगळं कंपनीच्या धोरणावर. ते धोरण गरोदरपणाच्या सुरुवातीलाच वाचा आणि शक्य असेल तर रजा दोन तुकड्यांत घ्या: काही दिवस जन्माच्या वेळी, उरलेले आई कामावर रुजू होते त्या आठवड्यात. दुसरा तुकडा जास्त उपयोगी पडतो.

कामाच्या तासांबाबत आठवड्याला ४८ ही मर्यादा आणि जादा तासांना दुप्पट दर हे तत्त्व आहे, पण व्यवस्थापकीय पदांना ते सहसा लागू होत नाही. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून तो हक्क मॅनेजरबरोबरच्या त्या दोन ओळींच्या मेलमधूनच मिळवावा लागतो.

तुमच्या हाताखाली टीम असेल तर

रात्री सुचलेली मेल सकाळी नऊला जाईल अशी वेळ लावून ठेवा. 'उत्तर उद्या दिलं तरी चालेल' असं लिहून रात्री अकराला पाठवलेल्या मेलचंही उत्तर सव्वाअकराला येतं, कारण पाठवणारा साहेब असतो. तातडीचं काय याची व्याख्या टीमसमोर लिहून ठेवा: ग्राहकाची सेवा बंद पडली तर तातडीचं, स्लाइडचा रंग नव्हे. ऑन-कॉलची, म्हणजे रात्री-अपरात्री आलेला फोन घेण्याची, पाळी किमान चार जणांत फिरवा, आणि रात्री जागलेल्याला दुसऱ्या सकाळी उशिरा येण्याची मुभा मागायला लावू नका, तुम्हीच सांगा.

सहा आठवड्यांनी पुन्हा वही

सहा आठवडे झाले की पुन्हा एक आठवडा तीच नोंद करा आणि पहिल्या पानांशी ताडून बघा. टकरी किती कमी झाल्या यापेक्षा माघारीच्या रकान्यातली नावं बदलली का आणि झोप वाढली का, हे आधी पाहा. एखादी टक्कर तशीच असेल तर तिचं अक्षर चुकलं असण्याची शक्यता मोठी: वेळेची समजून वेळापत्रक बदललं, आणि मुळात ती ताणाची होती.

दोनदा नेमकं मागूनही ऑफिसात काहीच हललं नाही, तर आधी कंपनीतच दुसऱ्या टीममध्ये जाता येतं का ते पाहा. युरोपबरोबर काम करणाऱ्या टीमची संध्याकाळ बरीच मोकळी असते. नोकरीच बदलायची वेळ आली तर आपल्या पत्रात नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे की ९० चा, ते बघा आणि सहा महिन्यांचा घरखर्च व कर्जाचे हप्ते भागतील एवढी रक्कम बाजूला असू द्या. नव्या ठिकाणी मुलाखतीत 'वातावरण कसं आहे' असं विचारू नका. विचारा: 'गेल्या महिन्यात टीमचे रात्री नऊनंतर किती कॉल झाले?' उत्तर देताना समोरचा आकडा सांगतो की हसून विषय बदलतो, याकडे नीट लक्ष द्या.

वही त्यानंतर वर्षातून तीनदाच लागते. कॅलेंडरवर आत्ताच खुणा करून ठेवा: मार्चचा दुसरा रविवार, जूनमध्ये शाळा सुरू होतात तो आठवडा, आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. नोव्हेंबरच्या आधी दोन आठवडे मॅनेजरला विचारून घ्या की साडेसहाचा कॉल यंदा साडेसातला जाणार, की साडेआठला नेता येईल.